डेव्हिडच्या रांगेपासून पाच मिनिटांवर

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. ऑक्टोबरमध्ये त्या आईला घेऊन इटलीला निघाल्यात. आईंचं वय ६८, गुडघे थोडे कुरकुरतात, पण चालायची हौस दांडगी. मुक्काम फ्लॉरेन्सला, चार रात्री. मागच्या वेळी दोघींनी १२ दिवसांत ९ शहरं केली आणि घरी आल्यावर आई म्हणाल्या, "रांगा तेवढ्या लक्षात राहिल्या बघ." या वेळी गर्दी सोडून निवांत बसता येईल अशा जागा हव्यात, आणि दुसऱ्या शहरात गेलं तर त्या आपल्या आपण कशा शोधायच्या तेही हवंय.

ताई, चार रात्री एकाच गावात ठेवल्यात, तिथंच निम्मं काम झालं. आता कुणी कितीही आग्रह केला तरी त्यातले दोन दिवस पिसा आणि चिंक्वे तेर्रेला देऊ नका. मी २१ वर्षं मराठी मंडळींचे गट घेऊन युरोपात जातेय. कोपऱ्यावर बस उभी असेल तर रिकाम्या चर्चमध्येसुद्धा माणूस घड्याळच बघतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. तुमच्यामागे बस नाही, त्याचा पुरेपूर उपयोग करा.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. 'कुणालाच माहीत नसलेल्या दहा जागा' अशा याद्या फोनवर फिरत असतात, त्यांच्या भरवशावर जाऊ नका. रोममध्ये अव्हेंतीनो टेकडीवर नाइट्स ऑफ माल्टा या जुन्या धार्मिक संघटनेचं फाटक आहे. त्याच्या किल्लीच्या भोकाला डोळा लावला की हिरव्या कुंपणाच्या बोगद्यातून थेट सेंट पीटर्सचा घुमट दिसतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही दोघी-तिघी सोडून तिथं चिटपाखरू नव्हतं. आता त्या भोकासमोर रांग असते. नुसती 'बघण्याची गंमत' असलेली जागा फोनवर गेली की संपते.

टिकतात त्या वेगळ्या जागा. ज्यांना प्रवाशांची गरजच नाही अशा. तिथं कुणी प्रार्थना करतं, कुणी परीक्षेचा अभ्यास करतं, कुणी झाडं जोपासतं. आपण गेलो नाही तरी त्यांचं रोजचं चालूच राहणार असतं. म्हणून नकाशा उघडलात की संग्रहालयांची मोठी नावं शोधत बसू नका, हे शब्द शोधा: 'कियोस्त्रो' म्हणजे मठाचा चौक, 'चेनाकोलो' म्हणजे मठातलं जेवणघर, 'बिब्लियोतेका' म्हणजे ग्रंथालय, 'ओर्तो' म्हणजे बाग किंवा वाफे, 'चिमितेरो' म्हणजे दफनभूमी. इटलीतल्या कुठल्याही गावात हे पाच शब्द पुरतात.

दुसरं, फ्लॉरेन्सची गर्दी सगळ्या गावात नसते, ती एका पट्ट्यात असते. रेल्वे स्टेशन, डुओमो म्हणजे शहराचं मुख्य चर्च, सिन्योरीया चौक, पोन्ते वेक्कियो पूल आणि पलीकडे पित्ती राजवाडा. हा सगळा पट्टा अर्ध्या तासात चालून होतो, आणि सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळात दिवसापुरती आलेली माणसं त्यातच वर-खाली करत असतात. पट्ट्यातून दोन गल्ल्या बाजूला झालात की लोकांची वाळत घातलेली चादर दिसते, सायकल दुरुस्त करणारा दिसतो. डुओमो आणि जुना पूल बघायचाच आहे, तो सकाळी साडेसातला बघा. पुलावरची सोनारांची दुकानं तेव्हा लाकडी फळ्यांनी बंद असतात, आणि बंदच जास्त छान दिसतात.

आता आईंना कुठं न्यायचं ते सांगते. मायकेलँजेलोचा डेव्हिडचा पुतळा ज्या अकाडेमिया संग्रहालयात आहे तिथं तुम्ही जाणारच, जायलाच हवं. त्या रांगेपासून चालत पाच मिनिटांच्या आत सान मार्को चौक येतो. या चौकाभोवती चार जागा आहेत, आणि त्या चार जागांसाठी मी माझ्या गटाची अख्खी एक सकाळ राखून ठेवते.

पहिली सांत आपोलोनिया. बाहेरून सरकारी कचेरीसारखं दार, तिकीट नाही. आत एक लांबलचक खोली, आणि तिच्या एका भिंतीवर आंद्रेया देल कास्तान्योनं १४४७ मध्ये काढलेलं येशूचं अखेरचं भोजन. हे बेनेडिक्टाइन साध्वींचं जेवणघर होतं. त्या जेवताना बोलत नसत. म्हणजे असं बघा, खाली मुकाट्यानं जेवणाऱ्या साध्वींची पंगत आणि समोर भिंतीवर येशू आणि बारा शिष्यांची दुसरी पंगत. साध्वींना मठाबाहेर पडायला बंदी आणि बाहेरच्यांना आत यायला, त्यामुळे मठ सरकारनं ताब्यात घेईपर्यंत, म्हणजे चारेकशे वर्षं, हे चित्र शहरालाच ठाऊक नव्हतं.

तिथं उभं राहून चटकन निघू नका. बाकावर बसा आणि पंगतीच्या मागची भिंत बघा. चित्रकारानं तिथं संगमरवराचे सहा चौकोन रंगवलेत. पाच आपापल्या रंगात शांत आहेत. एकाच चौकोनात लाल-पांढऱ्या-काळ्या शिरा अशा उसळल्यात की आभाळात वीज कडाडावी. आता त्याच्या बरोब्बर खाली बघा: येशू, त्याच्या बाजूला पेंगलेला योहान, आणि टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, सगळ्यांपासून तोडून एकटा बसवलेला, काळ्या दाढीचा यहुदा, येशूला दगा देणारा शिष्य. पंगतीत कुणाच्याही चेहऱ्यावर आरडाओरडा नाही. जे घडणार आहे ते सगळं त्या दगडात काढलंय. हे मला पहिल्या सहा-सात फेऱ्यांत दिसलंच नव्हतं. एका खेपेला दाराशी बसलेल्या कर्मचारी बाईंनी मला हाताला धरून बाकावर बसवलं आणि नुसतं बोट दाखवलं. तेव्हापासून मी कुणालाही आधी सांगत नाही, बसवते आणि वाट बघते. तुम्हाला मात्र सांगून टाकलंय, पण आईंना सांगू नका.

दुसरी कियोस्त्रो देल्लो स्काल्झो, कावूर रस्त्यावर. 'स्काल्झो' म्हणजे अनवाणी. इथल्या भक्तमंडळाच्या मिरवणुकीत क्रूस घेऊन चालणारा माणूस अनवाणी चालायचा, त्यावरून हे नाव पडलं. छोटासा चौक, आपल्या वाड्याच्या मधल्या चौकाएवढा, आणि चारी भिंतींवर आंद्रेया देल सार्तोनं रंगवलेलं संत योहानाचं चरित्र. हा मघाचा शिष्य नव्हे, बाप्तिस्मा देणारा योहान. रंग एकच, मातकट राखाडी. साधारण १६व्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत, मधे मधे खंड पडत, हे काम चाललं. दोन चित्रं त्याचा मित्र फ्रांचाबिज्यो याची आहेत. रंगांचा मारा सोसून दमलेल्या डोळ्यांना ही जागा थंड पाण्यासारखी वाटते. फक्त ती आठवड्यातले मोजकेच दिवस उघडते, तेव्हा आदल्या रात्री वेळ बघून ठेवा आणि तिच्यावरून बाकीची सकाळ आखा.

तिसरं सान मार्कोचं मठ-संग्रहालय. याला तिकीट आहे आणि ते द्यावं असंच आहे. जिना चढून गेलात की समोर फ्रा आंजेलिको या भिक्षू-चित्रकाराचं चित्र येतं, देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता सांगतोय. पुढे चाळीसच्या वर खोल्या आहेत, एका भिक्षूला एक, आणि प्रत्येक खोलीत एकच भित्तिचित्र आणि एकच छोटी खिडकी. इतर ठिकाणी एका दालनात पन्नास चित्रं टांगलेली असतात, कुठं बघावं कळत नाही. इथं एका माणसानं आयुष्यभर एकाच चित्रासमोर बसावं म्हणून ते काढलंय. सगळ्या खोल्या बघायचा हट्ट धरू नका, चार बघा. सकाळीच जा.

चौथी जागा ज्यार्दिनो देइ सेम्प्लिची, विद्यापीठाची वनस्पती-बाग. फ्लॉरेन्सचा सत्ताधीश कोसिमो दे मेदिची यानं १५४५ मध्ये औषधी वनस्पतींच्या अभ्यासासाठी ती सुरू केली, जगातल्या सर्वांत जुन्या वनस्पती-उद्यानांपैकी एक. गुडघ्यांना विश्रांती इथं द्या. घरून निघताना डब्यात थेपले-लाडू घेतले असतील तर खायची जागा मात्र बागेत नव्हे, बाहेर चौकातला बाक.

तिथून दोन मिनिटांवर सान्तिस्सिमा आनुन्झियाता चौक आणि त्यात स्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती, म्हणजे टाकून दिलेल्या बाळांचं घर. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघानं ते उभारलं, डुओमोचा घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीनं १४१९ मध्ये बांधायला घेतलं. १४४५ च्या फेब्रुवारीत पहिलं बाळ आलं, मुलगी, तिचं नाव नोंदवहीत आगाता स्मेराल्दा असं आहे. कमानींवरची निळी पदकं आणि त्यातली लंगोटात गुंडाळलेली बाळं सगळे बाहेरून फोटो काढून जातात. तुम्ही आत जा. तिथं आयांनी बाळासोबत ठेवलेल्या खुणा जपल्यात: मधोमध मोडलेलं पदक, मण्यांचा तुकडा, कापडाची चिंधी. मोडलेल्या पदकाचा एक अर्धा बाळाच्या गळ्यात, दुसरा आईकडे. दिवस पालटले आणि ती परत आली तर दोन तुकडे जुळवून मूल ओळखता यावं. संग्रहालयात आहेत ते बाळांकडचे तुकडे. त्या खणांपुढं मी पुष्कळदा आयाबायांना गप्प होताना पाहिलंय. आईंना वेळ द्या तिथं. मग वरच्या मजल्यावरच्या कॅफेत चहा घ्या, लिफ्ट आहे.

दुपारी डुओमोच्या आसपास असाल आणि पाय बोलायला लागले तर हॉटेलवर परत जायची गरज नाही. ओरिउओलो रस्त्यावर ओब्लाते ग्रंथालय आहे. रस्त्यापलीकडं सान्ता मारिया नुओवा हे १२८८ चं रुग्णालय आहे, आजही चालू. तिथल्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या साध्वींचा हा मठ होता. आता तिथं विद्यार्थी अभ्यास करतात. वरच्या मजल्यावर छोटं उपाहारगृह आहे आणि समोर ब्रुनेलेस्कीचा घुमट, हात लांबवला तर लागेल इतका जवळ. स्वच्छतागृहही आहे, वयस्कर माणूस बरोबर असताना याचं मोल काय ते तुम्हाला सांगायला नको. फक्त लक्षात ठेवा, मुलं परीक्षेचा अभ्यास करत असतात. आवाज खाली, फोन बंद.

दुपारच्या वेळेबद्दल एक कळकळीची सूचना. बहुतेक लहान चर्चेस बारा-साडेबाराला बंद होतात ती थेट तीन-साडेतीनला उघडतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका जुलै महिन्यात गटाला घेऊन पाऊण वाजता एका चर्चच्या दाराशी पोचले. दार बंद, सावली नाही, आणि आमच्यातल्या पंचाहत्तरीच्या एक आजी तापलेल्या पायरीवर बसून राहिल्या. त्यांना चक्कर आली. सुदैवानं थोडक्यात निभावलं, पण ती पायरी मी विसरलेले नाही. तेव्हा दुपारी बारानंतर चर्च नाही. जेवण, बाग किंवा ग्रंथालय. खांदे झाकणारी ओढणी पिशवीत असू द्या. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, सिन्योरीया चौकात पालिकेचा पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. जेवणात आई शाकाहारी असतील तर 'रिबोल्लिता' मागा, शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळसर पानकोबी घालून शिजवलेलं घट्ट सार. पोटाला अगदी घरचं वाटतं. तरी "मांसाचं पाणी नाही ना?" हे विचारून घ्या.

एक संध्याकाळ सान मिनियातोसाठी ठेवा. सूर्यास्ताला सगळं गाव मायकेलँजेलो चौकात जमतं, गाणी, बाटल्या, सेल्फी. १२ किंवा १३ क्रमांकाची बस तिथवर जाते. तिथून थोडं वर हे चर्च आहे, १०१८ मध्ये सुरू झालेलं, पांढऱ्या-हिरव्या दगडांचं. शेवटी पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा भरवसा नसेल तर टॅक्सी करा, ती पार वरपर्यंत जाते. आतल्या फरशीवर १२०७ मधलं राशिचक्र आहे, ते बघा आणि खाली तळघरातल्या प्रार्थनास्थळी जाऊन बसा. इथं अजून मठवासी राहतात आणि संध्याकाळची प्रार्थना लॅटिनमध्ये जुन्या चालीवर गातात. वेळ दारावरच्या फलकावर असते. वाद्य नाही, दिवा मंद, खांबांमधून सूर फिरतो. हा कार्यक्रम नव्हे, त्यांची सांजवात आहे. फोटो काढू नका, मधेच उठू नका. १५२९-३० मध्ये फ्लॉरेन्सला पडलेल्या वेढ्यात याच चर्चचा मनोरा तोफांपासून वाचवायला मायकेलँजेलोनं त्याला गाद्या बांधल्या होत्या असं सांगतात.

दुसऱ्या शहरांत काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. पद्धत हीच, शब्द बदलतात. नेदरलँड्समध्ये 'हॉफ्ये' शोधा. गरीब, एकट्या म्हाताऱ्या बायकांसाठी दानशूरांनी बांधलेल्या घरांचे चौक. ॲमस्टरडॅमचा बेखाइनहोफ प्रसिद्ध झाला, पण ट्रेननं पंधरा-वीस मिनिटांवरच्या हारलेममध्ये असे वीसच्या वर चौक आहेत. त्यातला बाकेनेसचा १३९५ चा. लोक अजून तिथं राहतात, म्हणून दिवसा दार उघडं असेल तरच जायचं आणि खिडकीत डोकावायचं नाही. लंडनमध्ये 'इन्स'च्या, म्हणजे वकिलांच्या जुन्या संस्थांच्या, बागा बघा. ग्रेज इन, जिथून बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले, तिथली बाग कामाच्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला बाहेरच्यांना खुली असते. गर्दीच्या हॉबर्न रस्त्यापासून शंभर पावलांवर जुनी झाडं आणि डबा खाणारे वकील.

फ्लॉरेन्सची शेवटची सकाळ मात्र मी सांगते तशी घालवा. ओन्यीस्सांती चौकापासून सुरू करा. चर्चमध्ये चित्रकार बोत्तिचेल्लीची कबर आहे, आणि शेजारच्या जेवणघरात गिर्लांदायोनं १४८० मध्ये काढलेलं अखेरचं भोजन, पंगतीमागे फळझाडं, उडते पक्षी आणि खिडकीत बसलेला मोर. याच चौकातल्या हॉटेलात ३० नोव्हेंबर १८७० रोजी कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज वारले. राजर्षी शाहू गादीवर यायच्या बरंच आधीचे हे महाराज. इंग्लंडचा प्रवास करून मायदेशी परतत होते. एकविसावं वर्ष चालू होतं.

तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि तिथं दहनाची पद्धत नव्हती. महाराजांच्या माणसांनी परवानगी मिळवली आणि जागा निवडली ती गावाबाहेर काशीने उद्यानाच्या पार टोकाला, जिथं मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते तिथं. संगमावर. परक्या मुलखात, थंडीत, घाईत, आणि तरी संगमच शोधला. पुढे १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली. आराखडा मेजर मँटचा, ज्यानं कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला त्याचाच. आतला पगडी-दागिन्यांसकट रंगीत अर्धपुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. गावातले लोक या जागेला 'लिंदियानो' म्हणतात, म्हणजे 'तो भारतीय'. जवळच्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे.

निःशब्द जागा नाही ती. पुलावरच्या गाड्यांची घरघर ऐकू येते. माणसं मात्र नसतात. सायकलवाले, कुत्रं फिरवणारे, झाडांच्या लांब रांगा. माझ्या एका गटात करवीर तालुक्यातले निवृत्त शिक्षक होते. त्यांनी छत्रीपाशी पोचताच बूट काढले, ओल्या गवतात उभे राहिले आणि दगडावरची तारीख मोठ्यानं वाचली. मग कुणीच काही बोललं नाही, बराच वेळ.

ट्रामच्या काशीने थांब्यापासून ती जागा दोन-अडीच किलोमीटर आहे. आईंना एवढं चालवू नका. टॅक्सीवाल्याला "लिंदियानो, काशीने" म्हणा, आणि परतीची टॅक्सी तिथं मिळत नाही म्हणून त्यालाच थांबायला सांगा किंवा वेळ ठरवून घ्या. उजेडातच जा, अंधार पडल्यावर त्या उद्यानात थांबू नये. मंगळवार सकाळ असेल तर अलीकडच्या भागात नदीकाठानं मोठा आठवडी बाजार भरतो, त्या दिवशी रस्त्याला वेळ जास्त धरा. फूल न्यायचं असलं तर गावातूनच घेऊन निघा, तिथं दुकान नाही.